तळघराची ओल

बायजाला राग एकदम यायचा नाही. आधी कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, मग हातातलं भांडं जरा आदळून खाली ठेवलं जायचं, आणि मग आसपासच्या माणसांना आपापली कामं आठवायची. दहिवलीच्या पलीकडं डोंगराला टेकून वसलेलं ते छोटं गाव तिला तापट म्हणून ओळखायचं. पण तिला राग कशाचा होता ते ऐकलं, तर म्हणावं लागेल की बाई भलतीच सोशिक होती. दुसरी कुणी असती तर तिनं घराला काडी लावली असती.

बायजाचा गुन्हा एवढाच, की ती लग्न होऊन आली त्याच वर्षी सासरच्या तळघरात पाणी शिरलं.

घर तिच्या सासऱ्याचं, सहदेवचं. दगडी जोत्याचं, जाड भिंतींचं. घराची वरची बाजू डोंगराला लागलेली, खालची ओढ्याकडं उतरलेली. माजघराच्या कोपऱ्यातली फळी उचलली की दगडी पायऱ्या, आणि खाली तळघर. कधीकाळी लुटारूंच्या भीतीनं बांधलेलं. सहदेवच्या बापाच्या वेळेला म्हणे भर श्रावणात तिथं पापड ठेवले तरी कुरकुरीत राहायचे. हे ‘म्हणे’ बायजानं इतक्या वेळा ऐकलं होतं की पापड म्हटलं तरी तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

ती कळंबची. वैशाखात लग्न झालं, माप ओलांडून ती घरात आली, आणि आषाढात तळघरात घोटाभर पाणी साचलं. सहदेवनं वरून फळी उचलून खाली डोकावून पाहिलं आणि सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकला.

“पोरगी पायात पानी घेऊन आली.”

झालं. दर पावसाळ्यात पाणी येत राहिलं आणि दर पावसाळ्यात बायजाच्या पायांचं नाव निघत राहिलं. म्हैस आटली, पाय. नांगराचा बैल लंगडला, पाय. तिची पहिली दोन पोरं तापानं गेली. त्या साथीत गावातल्या घराघरातली पोरं गेली होती. पण दुसऱ्यांची तापानं गेली आणि बायजाची मात्र तिच्या पायगुणानं गेली, असंच सगळे बोलले. तिसरी मुलगी जगावी म्हणून तिचं नाव चिंधी ठेवलं. ती जगली. तिच्या जगण्याचं श्रेय मात्र कुणी बायजाच्या पायांना दिलं नाही.

त्याच लग्नाच्या वर्षी घरात आणखी कुणीतरी आलं होतं. परसात, जोत्याच्या मुळाशी, एक देव प्रकट झाला होता. मांडव उतरवताना बायांना तिथं हळदीनं माखलेला एक दगड दिसला. कुणी ठेवला नाही, कुणी आणला नाही, आणि हळद अजून ओली. बायांनी हात जोडले, कुंकू वाहिलं. त्याचं नाव पडलं हळद्या. सहदेवला काय, देव आपण होऊन दारात आलेला. त्यानं येसाजी गवंड्याला बोलावून त्याच्याभोवती चांगला चुनेगच्ची ओटा बांधून घेतला. वर्षं गेली तसा शेंदराचा थर चढत गेला आणि देव गरगरीत झाला. बायजाची सासू भागूबाई रोज अंघोळ झाली की त्याला हळद लावायची, आणि लावताना ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. सून आली त्याच महिन्यात देवही आला होता. पण देवानं पाणी आणलं असं म्हणायची कुणाची छाती होती?

पुढं लढाई लागली. सरकारची माणसं लेव्हीचं, म्हणजे सक्तीनं द्यायचं भात न्यायला घरोघर फिरू लागली. माळ्यावरची कणगी उंबऱ्यातून दिसायची, तेव्हा आगोटीचे तांदूळ, म्हणजे पावसाळाभर घरानं खायचे तांदूळ, लपवायचे कुठं? तळघरात. आणि मग तळघर कोरडं करायचं सहदेवनं मनावरच घेतलं.

पहिल्या वर्षी येसाजीचा चुना आला. येसाजीनं डोंगराकडच्या भिंतीवर हात फिरवला, “पानी हितनं येतंय,” म्हणाला, आणि चुन्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलाचा गर घालून गिलावा करायचं ठरलं. चुना तुडवायला बाई कुणी मिळेना, तेव्हा बायजाला उभं केलं. ज्या पायांनी पाणी आणलं म्हणायचे, तेच पाय चुना तुडवायला मात्र चालले. तळव्यांची सालं निघाली. आषाढात तो गिलावा भिजल्या भाकरीसारखा पडला.

दुसऱ्या वर्षी तिच्या नवऱ्यानं, भिवाजीनं, माथेरानहून डांबराचा डबा आणला. तो उन्हाळाभर तिथं रिक्षा ओढायचा आणि पावसाळ्यात हॉटेलं बंद झाली की लावणीला घरी यायचा. डांबर तापवलं, भिंतीला फासलं. पाणी आलंच, वर आठवडाभर तांदळाला डांबराचा वास. तिसऱ्या वर्षी सहदेवनं कुठूनतरी चोरून सिमेंट मिळवलं. लढाईच्या दिवसांत सिमेंट म्हणजे देवदुर्लभ. भिंतींना लावता लावताच ते संपलं, जमिनीला उरलं नाही. पण भिंती अशा झाल्या की येसाजी स्वतःच त्यांवर टिचक्या मारून खूश होत होता.

तेव्हा सहदेवनं ओसरीवर बसून सांगून टाकलं. भिवाजी, भागूबाई, धाकटा दीर धाकलू, सगळे होते. बायजा दाराआड तांदूळ निवडत होती.

“यंदा सिमिट लावलंय. आता बी पानी आलं तर ते भितीतनं येत नाय, मानसातनं येतंय. खालापूरकडची एक पोरगी बघून ठेवलीय. दसरा झाला की भिवाजीचं दुसरं लगीन. ही तिच्या बापाकडं जाईल.”

बायजा बाहेर आली. कान लाल.

“धनी, तुमी काय बोलनार का नाय?”

भिवाजीनं विडी उलटी-सुलटी करून पाहिली. “बा म्हनतोय तर...” एवढंच बोलला. माथेरानच्या चढावर दोन-दोन माणसं ओढून नेणारा हा गडी. घरात मात्र त्याला एक शब्द ओढवेना.

“आत्याबाई, तुमी?” बायजानं सासूकडं पाहिलं.

भागूबाईनं पदर डोक्यावर ओढला. “घरात सुख पायजे गं,” ती म्हणाली. आणि उठून हळद्याला दिवा लावायला गेली.

बायजानं सूप खाली ठेवलं. आवाज ओसरीभर झाला.

मृग गेला, लावणी उरकली, आणि तळघराच्या पायऱ्यांवर पाणी दिसू लागलं. आधी शेवटच्या पायरीवर, मग त्याच्या वरच्या. पूर्वी आलेलं पाणी थोडंबहुत भिंतीतून, भेगांतून परत जिरायचं. आता सिमेंटनं तीही सोय बंद केली होती. सहदेव वरून फळी उचलायचा आणि विचारायचा, “किती झालं गं?” तो स्वतः तळघरात कधी उतरला नव्हता. त्याच्या बापानं त्याला पोर म्हणून उतरू दिलं नाही, आणि पुढं उतरून उपसायला घरात बाया होत्याच.

नागपंचमीच्या सकाळी बायजा खाली उतरली ती कणगी काढायला. कणगीचा खालचा भाग पाण्यात उभा होता. तांदूळ फुगले होते, वास मारत होते. वरच्या पायरीवर दिवा ठेवला होता. तिनं सुपानं वरचे कोरडे तांदूळ भरून भरून वर दिले, भागूबाईनं ते घेतले. मग उरलेली कणगी तिनं कवेत घेऊन ओढली, तशी बांबूची कुजलेली कामटी फाटली आणि चिंधीच्या वाटणीचा भात, सगळ्या घराचा श्रावण-भादवा, तिच्या मांड्यांवरून पाण्यात गेला.

तिनं शिवी दिली. कुणाला ते तिलाही माहीत नव्हतं. बहुतेक सगळ्यांनाच.

आणि रागानं तिनं कणगीच्या जागी पाय आपटला. त्या कोपऱ्यात आधी अडगळ आणि मग कणगी उभी असायची, तिथं कधी कुणाचा पाय पडला नव्हता. पाय गाळात गेला, घोट्यापर्यंत गेला, आणि मग भिंतीच्या आत गेला. तिथं भोक होतं. ती खाली बसली, गळ्यापर्यंत पाणी आलं, आणि तिनं हात घातला. पायांखालच्या फरश्या सगळ्या याच कोपऱ्याकडं उतरत होत्या, हेही तिला आता कळलं. भोकात हात खांद्यापर्यंत गेला, गुळगुळीत घडवलेल्या दगडांतून. ज्या कुणी हे घर बांधलं त्याला माहीत होतं की डोंगर आहे म्हणजे पाणी येणारच. त्यानं ते येऊ दिलं होतं आणि त्याच्या जाण्याची वाट करून ठेवली होती. येसाजी, सहदेव, सगळे पाणी कुठून येतं तेच बघत बसले होते.

वाटेच्या पलीकडच्या तोंडाला काहीतरी आडवं होतं. तिनं बोटं फिरवली. सपाट दगड. त्यावर बारीक बारीक खड्डे, ओळीनं. ते बायजाला कुणी सांगायला नको होतं. रोज सकाळी ती ज्यावर मिरची वाटायची त्याचाच तो स्पर्श होता. पाट्याला छिन्नीनं टाकी लावतात, तिचे खड्डे.

घराच्या जोत्यात पाटा? बायजा पाण्यातून उठली. भिंत कुठली, कोपरा कुठला, तिनं मनाशी धरलं, आणि भिजल्या लुगड्यानं पायऱ्या चढून, माजघर ओलं करत, परसात गेली. ओढ्याकडचा तोच कोपरा. तिथं ओट्यावर हळद्या बसला होता, शेंदरानं लालभडक, पुढं दूध आणि लाह्या. गल्लीतल्या बाया पूजेला जमल्या होत्या. भागूबाईनं हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा नैवेद्य आणला होता. सहदेव गोठ्याच्या दाराशी उभा होता.

बायजानं गोठ्यातली पहार घेतली.

नागपंचमीला गावात कुणी विळीसुद्धा काढत नाही. कुदळ, नांगर, पहार, काही मातीला लावायचं नाही, मातीखाली नाग असतात. बायांना आधी कळलंच नाही. पहार ओट्याच्या सांध्यात गेली तेव्हा एकजण किंचाळली.

“अगं, नागपंचमी हाय! कुळाचा नाश करतंस काय?”

“कुळाला काय व्हतंय ते मी बघतंय,” बायजा म्हणाली आणि पहारेवर भार टाकला.

सहदेव धावला. “भिवाजी, धर रं तिला! अंगात शिरलंय हिच्या!” भिवाजी ओसरीवरून आला, पण बायकोचा चेहरा पाहून चार हात लांबच थांबला. आयुष्यात प्रथमच त्याचं गप्प राहणं बायजाच्या कामी आलं.

येसाजीचं एक काम पक्कं झालं होतं, ते नेमकं हेच. ओटा सुटता सुटेना. बायजा पहार घालत होती, उपसत होती, पुन्हा घालत होती, आणि प्रत्येक घावाला तिला काही ना काही आठवत होतं. म्हैस. बैल. चुन्यानं सोललेले तळवे. दोन पोरं. शेवटी चुना तडकला, देव हलला, आणि आतलं पाणी एवढ्या जोरानं आलं की लाह्या, दूध, निरांजन, पातोळ्या, सगळं बायांच्या पायांवरून ओढ्याकडं निघालं. गढूळ, कुजलेल्या तांदळाच्या वासाचं पाणी. ते येतच राहिलं. बाया लुगडी सावरत मागं सरल्या. सहदेवच्या पायांवरूनही ते गेलं. त्यानं पाय उचलले नाहीत, त्याला सुचलंच नाही.

पाण्यानं हळद्या उलथा पडला होता. त्याच्या मागच्या बाजूला शेंदूर नव्हता. तिथं टाकीचे खड्डे होते आणि एका कडेला सरळ फुटलेला काठ. अर्धा पाटा.

बायजानं तो पायानं सरळ केला. मग सासूकडं पाहिलं. भागूबाई पांढरीफटक पडली होती.

“आत्याबाई, ह्यो पाटा कुनाचा?”

बायजानं पहारेचं टोक पाट्याला लावलं.

“रोज हळद लावत व्हता ह्याला. वळखला नाय?”

“माजाच,” भागूबाई म्हणाली. “तुज्या लग्नाची हळद वाटताना फुटला. माज्या हातनं. मांडवात पावनी बसलीवती. हळदीला पाटा फुटला म्हंजे केवढा अपशकुन. समद्यांनी मलाच बोल लावला असता. मी एक तुकडा ओढ्यात टाकला नि ह्यो हितं भोकात दडपला. म्हनलं, मागनं काडीन. तर बायांनी बघितला, कुंकू वाहिलं, तुज्या सासऱ्यानं ओटा बांदला...”

“मग?”

“मग कसं सांगू गं?”

बायजा हसली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली. ओढ्यापलीकडं गुरं राखणारी पोरंही ते ऐकून थांबली.

“तोंडानं सांगायचं! माजी दोन पोरं माज्या पायावर घातली, तवा सांगायचं. मला चुना तुडवायला उभं केलं तवा सांगायचं. यंदा सवत आनायची बोलनी झाली तवा तरी सांगायचं व्हतं! तुमाला एका दिवसाचा बोल सोसवला नसता, म्हनून माज्यावर सारा जल्म टाकला?”

भागूबाई रडायला लागली. ती खरोखर रडत होती, आणि तिचं रडणं पाहून एकदोन बायांनी तिला धरलं. इतक्या वर्षांत बायजाला असं कुणी धरलं नव्हतं. तिला तेही दिसलं.

सहदेवनं घसा साफ केला. पंच बसल्यासारखा तो आता न्याय देणार होता.

“झालं ते झालं. पानी गेलं ना? सून गुनाची निघाली. तिच्याच पायानं घराचं...”

“मामंजी.” बायजानं पहार जमिनीत रोवली. “माज्या पायांचं नाव पुन्यांदा काडायचं नाय. वाईट म्हनून नको नि चांगले म्हनून बी नको. ते पाय हायत. मी त्याच्यावर चालतंय, एवढंच.”

मग ती नवऱ्याकडं वळली.

“खालापूरला निरोप तुमी न्यायचा. दुसऱ्या कुनाच्या हाती नाय. चालत जायचं नि आजच जायचं.”

भिवाजीनं इरलं घेतलं आणि भर पावसात निघाला. माथेरानची वाट ओढणाऱ्याला खालापूर काही लांब नव्हतं. पण तो परत आला तेव्हा फार दमलेला दिसला, आणि बायजानं त्याला गरम पाणी काढून दिलं नाही.

त्या वर्षी घरानं वास मारणारे तांदूळ चुलीवर टांगलेल्या टोपल्यांत वाळवून खाल्ले. चिंधी नाक दाबून गिळायची. तळघर दिवाळीच्या आधी सुकलं, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं तसं खालच्या वाटेनं ओढ्याला गेलं. गावात बरेच दिवस बोलणी झाली. काहीजण म्हणाले बाईनं देव काढला, आता बघा काय होतं ते. काही झालं नाही. तेव्हा ते म्हणाले, तो देव नव्हताच.

अर्धा पाटा बायजानं घासून, शेंदूर काढून स्वयंपाकघरात आणला. त्यावर ती मिरची वाटायची, नारळ वाटायची. वरवंटा फुटक्या काठावरून घसरायचा. वाटण खाली सांडायचं. भिवाजीनं कर्जतच्या बाजारातून नवा पाटा आणला, तोही तिनं रोजच्या जुन्या पाट्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवला. आल्यागेल्या बाईनं विचारलं, अगं अर्ध्या पाट्यावर का वाटतेस, तर ती सगळी हकिगत सांगायची, मोठ्यानं, भागूबाई ओसरीवर असताना. वर्षं गेली तरी तिनं सांगायचं सोडलं नाही. लोक म्हणाले, आता पुरे. बायजाच्या मते पुरे झालं नव्हतं.

लढाई संपली, स्वराज्य आलं, आणि धाकलूचं लग्न ठरलं. मुलगी खालापूर तालुक्यातलीच, पण दुसऱ्या घरची, इंदू नावाची, पंधरा-सोळा वर्षांची. मांडव पडला. घरातली थोरली सून म्हणून हळद वाटायचा मान बायजाचा. बायांनी नवा पाटा धुऊन, त्याला कुंकू लावून मांडवाच्या मधोमध ठेवला. बायजा आत गेली आणि अर्धा पाटा घेऊन आली.

मांडवात कुजबुज सुरू झाली. फुटका पाटा, तोही हळदीला! सहदेव म्हातारा झाला होता, तो काठीवर हात दाबून बसून राहिला. पावण्यांतली एक म्हातारी म्हणाली, “अगं बाई, अपशकुन व्हईल पोरीला.”

बायजानं पाटा खाली ठेवला. तिचे कान लाल झाले होते.

“फुटलेलाच हाय,” ती म्हणाली. “समद्यांनी नीट बघून घ्या. ह्याच्यावरच हळद वाटनार. उद्या ह्या घरात म्हैस आटली, बैल मेला, पोर गेलं, तळघरात पानी आलं, तर इंदूला कुनी बोलायचं नाय. माज्या दारात यायचं. पाटा मी आनला, अपशकुन माजा.”

कोपऱ्यात भागूबाई बसली होती, आता दिसायला अगदी थोडी उरलेली. ती उठली, हळूहळू चालत आली आणि पाट्याच्या पलीकडच्या बाजूला बसली. वरवंट्याचं दुसरं टोक तिनं धरलं.

बायजानं तिला ये म्हटलं नाही आणि ऊठही म्हटलं नाही. तिनं पाट्यावर हळकुंडं टाकली, वर पाण्याचा शिंतोडा मारला आणि वाटायला सुरुवात केली.